मागच्या बाकावरून वर्ग बघून काय कळतं?

तिरपी_रेघ:
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "प्रशिक्षणं बंद करा. चांगल्या शाळेत जा, मागच्या बाकावर बसून एक तास बघा आणि आपल्या वर्गात तसंच शिकवा." खाली वाहवाची रांग. मी १९ वर्षं गणित शिकवतेय, अशा ४ भेटी केल्यात, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एका भेटीत अपूर्णांकाचा पाठ होता. बाईंनी कागदाच्या पट्ट्या दिल्या, मुलांनी भराभर घड्या घातल्या. "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" प्रश्न पुरा व्हायच्या आत सगळे हात वर. शेजारच्या सरांनी वहीत लिहिलं, 'उत्कृष्ट सहभाग'. माझ्या पुढची मुलगी मैत्रिणीच्या कानात म्हणाली, "आज पण हेच?"

परत येऊन मीही पट्ट्या वाटल्या. चार भाग पटकन झाले. तीन सारखे भाग काही केल्या पडेनात. घडी सरकते, एक भाग बारीक राहतो, पोरं रडकुंडीला आली. अर्धा तास त्यातच गेला. त्या वर्गात ही धडपड आधीच होऊन गेली होती. आम्हाला दाखवली ती उजळणी.

नवी_तासिका:
ताई, एका सजवलेल्या पाठावरून सगळ्या भेटी निकालात काढू नका. मला भेटीनेच सावरलं. मेरी बड रो यांचं संशोधन बीएडला पाठ केलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात, ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. परीक्षेत गुण मिळाले, वर्गात उपयोग शून्य. मग एका सरांना पाहिलं. प्रश्न विचारून खडू हातात धरून नुसते उभे. माझ्याच छातीत धडधडायला लागलं, आता कुणीतरी बोला! शेवटच्या रांगेतला मुलगा बोलला. ३ सेकंद केवढे असतात ते मला तिथे कळलं. पुस्तकातून ते कळलंच नसतं.

वहीत_डोकावणारा:
मुळात मागच्या बाकावर बसायला सांगितलं कुणी? तिथून दिसतात ती मुलांची डोकी आणि बाईंचा चेहरा. मग शेरेही बाईंवरच: आवाज स्पष्ट, फलकलेखन सुंदर. मूल काय करतंय ते बाजूने दिसतं. जपानमध्ये 'जुग्यो केनक्यू', म्हणजे शिक्षकांनी मिळून एखाद्या पाठाचा अभ्यास करायची पद्धत, शंभराहून जास्त वर्षं चालू आहे. तिथे निरीक्षक कडेला उभे राहतात, फिरतात, वहीत काय लिहिलं आणि काय खोडलं ते टिपून घेतात. मुलांना मदत मात्र करत नाहीत.

खोडरबर:
फिरतात म्हणे! माझ्या वर्गात फिरले होते पाहुणे. एक साहेब एका मुलाच्या वहीवर वाकले. त्याने तळहात वहीवर ठेवला तो तास संपेपर्यंत उचलला नाही. तो मुलगा रोज सगळ्यात आधी गणित सोडवतो. साहेबांनी शेरा मारला, 'काही विद्यार्थी निष्क्रिय'. मागे बसा, पण माझ्या मुलांच्या अंगावर येऊ नका.

वहीत_डोकावणारा:
चूक त्या साहेबांची, जागेची नव्हे. मुलांना सवय असेल तर ती बघतही नाहीत.

खोडरबर:
सवय कधी होणार? वर्षातून एकदा येता, तेही तपासायला! जपानचं अर्धंच सांगू नका. तिथे पाठ सगळ्यांनी मिळून रचलेला असतो, फसला तर सगळ्यांचा फसतो. नंतर चर्चेत आधी शिकवणारा बोलतो. मला कुणी विचारलंसुद्धा नाही की तो मुलगा का थांबला. शेरा लिहिला आणि गेले.

पाठटाचण:
जागा कुठलीही असो, हातात तक्ता दिला की डोळे तक्त्यावरच. वर्गात कोण किती बोलतं ते नोंदवायची फ्लँडर्सची पद्धत आम्ही घोटली होती: दर ३ सेकंदांनी खूण, १० प्रकार. त्यांतले ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ मुलांच्या, आणि शेवटचा शांतता व गोंधळ यांचा मिळून एकच! नवी_तासिका ज्या शांततेचं कौतुक करतात, ती आणि वर्गातला गलका एकाच रकान्यात. मी भराभर खुणा केल्या, पण पाठ कशावर होता ते नंतर मैत्रिणीला विचारावं लागलं.

नवी_तासिका:
हे मला सुचलंच नव्हतं. पण म्हणून बघायलाच जाऊ नये, हे पटत नाही. त्या सरांचा वर्ग मी मागूनच पाहिला होता.

तिरपी_रेघ:
तुम्हाला दिसलं कारण तुम्ही एकच गोष्ट बघत होतात. एवढं मान्य करते, आवडलं नसलं तरी. आणि हेही, की मी १९ वर्षांत कधी कडेला बसले नाही. पण "एक तास बघा आणि तसंच करा" हे चूकच. जायचं तर सलग २ दिवस जाऊ द्या, आणि बाईंकडून आदल्या दिवशीच्या वह्या मागून घ्या. तिसरा भाग बारीक राहिलेली पट्टी त्या वहीत चिकटवलेली सापडेल. मला ती बघायची होती.

खोडरबर:
वह्या बघा. पण आधी मुलाला विचारा, "बघू का?" तो नको म्हणाला तर पुढे सरका.

वहीत_डोकावणारा:
हे मी करत नव्हतो. करीन.