नववीची २१ मुलं गणितात मागे, जादा तास घेऊनही फरक नाही. काय बदलावं?

निफाड_नववी
नमस्कार. निफाड तालुक्यातली माध्यमिक शाळा, नववीच्या दोन तुकड्या. एका तुकडीचा पट ५४. प्रथम सत्रात गणितात २१ मुलं ३५ टक्क्यांच्या खाली. शाळा भरण्याआधी रोज पाऊण तास जादा तास घेतो आणि झालेल्या प्रकरणांची उजळणी करतो. दोन महिने झाले तरी तीच मुलं तिथंच आहेत, आणि जादा तासाला सगळ्यात कमी येतात तीही हीच. आता द्राक्षांची काढणी सुरू होईल, हजेरी आणखी घसरेल. नेमकं काय करता येईल?

गणित_कट्टा
मॅडम, ही उजळणी आधी थांबवा. 'बहुपदी' न येणारं मूल बहुतेक वेळा बहुपदीवर अडलेलं नसतं, ते सहावी-सातवीच्या पूर्णांक संख्यांवर अडलेलं असतं. वरचं प्रकरण पुन्हा शिकवलं की ते फळ्यावरचं उतरवून घेतं, एवढंच.

४० मिनिटांची, २० उदाहरणांची एक चाचणी काढा. पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, अपूर्णांक, दोन अंकी भाजकाने भागाकार, दशांश व शेकडेवारी, एका चलाची सोपी समीकरणं. प्रत्येकी चार उदाहरणं. कच्चं काम त्याच पानावर करायला सांगा आणि खोडरबर दप्तरात ठेवायला लावा. गुण देऊ नका, चुका वाचा.

−३ − ५ चं उत्तर ८ लिहिणारी मुलं हमखास सापडतील. 'ऋण ऋण धन' हा गुणाकाराचा नियम ती इथं लावतात. त्यांना नियम पुन्हा सांगून उपयोग नाही. जमिनीवर खडूने −१० ते +१० संख्यारेषा आखा. −३ वर उभं राहून पाच पावलं डावीकडे चालल्यावर आपण −८ वर पोचतो हे पायांना कळू द्या. तसंच १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्याला आधी एवढंच विचारा: "अर्ध्यात भर घातली, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं?" मग १२ घरांची कागदी पट्टी द्या. अर्धी म्हणजे ६ घरं, तिसरा हिस्सा ४ घरं, मिळून १० घरं. छेद समान का करायचा हे तिथं दिसतं.

गट चुकीप्रमाणे करा, गुणांप्रमाणे नको. एका गटात ६ ते ८ मुलं, आठवड्यात चार दिवस ३० मिनिटं, एका वेळी एकच पायरी. शुक्रवारी पाच उदाहरणं. लागोपाठ दोन शुक्रवारी पाचपैकी चार बरोबर आली तरच मूल पुढे. एकदाच बरोबर येणं पुष्कळदा आठवणीच्या जोरावर असतं.

हजेरीपट
गणित_कट्टा यांच्याशी सहमत, पण जादा तासाची वेळ बदलल्याशिवाय हे सगळं कागदावरच राहील. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. नववीचं मूल वस्तीवरून उपाशी निघतं आणि त्यात एसटीच्या पहिल्या फेरीवर अवलंबून. शाळेआधीचा तास नेमका त्यालाच परवडत नाही. तो तास वेळापत्रकात आणा. मोफत पाठ्यपुस्तकंही आठवीनंतर बंद होतात, तेव्हा या २१ जणांकडे स्वतःचं पुस्तक आहे का ते उद्याच बघा. नववीचा निकाल देतानाच जुने संच जमा करून घ्यायची पद्धत पाडा.

हजेरीचं म्हणाल तर महिन्याची टक्केवारी फसवी असते. हजेरीपटावर सलग गैरहजेरी लाल पेनाने जोडा, म्हणजे शेतीचा हंगाम स्पष्ट दिसतो: ऑक्टोबरच्या छाटणीपासून कामं सुरू, डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षकाढणी. नवीन पायरी काढणीच्या ऐन आठवड्यात सुरू करू नका. तीन दिवस सलग मूल आलं नाही तर वर्गशिक्षकांनीच फोन करावा. "का पाठवलं नाही?" असं विचारलं की पालक पुढचा फोन उचलत नाहीत. "अपूर्णांक चालू आहेत, सोमवारी आला तर बरोबरीने येईल" असं सांगा. परत आलेल्या मुलाच्या हातात एक पान द्या: काय झालं ते चार ओळींत आणि पाच उदाहरणं. त्या दिवशी त्याला वर्गासमोर उभं करू नका.

वाचन_आधी
एक तपासणी राहिली. सातवीच्या पुस्तकातला शंभरेक शब्दांचा उतारा प्रत्येकाकडून एकट्याने वाचून घ्या आणि दोन प्रश्न विचारा. घरी अहिराणी किंवा कोकणा बोलणारी मुलं शाब्दिक उदाहरणांत पुष्कळदा गणितावर नाही, 'प्रत्येकी', 'पैकी', 'अनुक्रमे', 'ने अधिक' आणि 'पट' यांवर अडतात. '५ ने अधिक' आणि '५ पट' यांतला फरक चिंचोके मांडून दाखवा. आणि गटांना अ, ब, क म्हणू नका. चार दिवसांत मुलांना 'क' चा अर्थ कळतो आणि ती यायची बंद होतात.

निफाड_नववी
खूप उपयोगी. अडचण एकच, गणिताचे शिक्षक दोनच आहेत. चार-पाच गट सांभाळणार कोण?

गणित_कट्टा
दोन्ही तुकड्यांचा गणिताचा तास आठवड्यातून चार दिवस एकाच वेळी लावा आणि त्यातली शेवटची ३० मिनिटं गटांना द्या. एक शिक्षक अडलेल्या मुलांचे दोन गट घेईल: एका गटाला शिकवताना दुसरा सराव करेल, १५ मिनिटांनी अदलाबदल. दुसरे शिक्षक उरलेल्यांचा सरावसंच बघतील, त्यासाठी मोठी खोली किंवा व्हरांडा लागेल. सगळे गट एकदम नको. पूर्णांक आणि अपूर्णांक आधी, बाकीचे तीन आठवड्यांनी. तोवर बीजगणित आणि भूमितीचे गुण वेगळे मांडून ठेवा, दहावीला ४०-४० गुणांचे दोन पेपर स्वतंत्र असतात. बीजगणितात अडलेल्या काहींची भूमितीतली रचना चांगली असते. त्या मुलाला फळ्यावर बोलवायचं तर तिथं बोलवा.