लू याओचं नाव पारितोषिकामुळे झालं?

असं म्हटलं जातं की माओ तुन पारितोषिक हा कादंबरीसाठीचा चिनी सन्मान मिळाला म्हणून चिनी लेखक लू याओची 'सामान्य जग' ही कादंबरी गाजली. क्रम उलटा आहे. पारितोषिक 1991चं. पहिला खंड 1986मध्ये 'हुआचंग' मासिकात आला, त्याआधी तो नाकारलाही गेला होता. तेव्हा चिनी साहित्यात प्रयोगशील लेखनाची लाट होती आणि ही सरळ वास्तववादी मांडणी समीक्षकांना जुनाट वाटली. कादंबरी घराघरांत पोचवली रेडिओने. मार्च 1988पासून चीनच्या केंद्रीय रेडिओवर ली येमो यांनी ती वाचली, सव्वाशेच्या वर भागांत. विशेष म्हणजे प्रसारण सुरू झालं तेव्हा तिसरा खंड लिहून व्हायचा होता. तो मे अखेरीस हातावेगळा झाला. खेड्यांत, खाणींत पुस्तक मिळत नव्हतं, पण रेडिओ होता.

लू याओने लिहिण्याआधी केलेली तयारी, मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कथानक 1975 ते 1985 या काळातलं. म्हणून त्याने त्या दहा वर्षांच्या वर्तमानपत्रांच्या फायली पानापानाने चाळल्या: राष्ट्रीय, प्रांतिक, स्थानिक, सगळ्या. कोणत्या महिन्यात सरकारचं कोणतं धोरण आलं आणि शेतावर त्याचा काय परिणाम झाला, हे त्यामुळेच चुकत नाही. कागद घासून बोटांची कातडी सोलली, तेव्हा तो तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पानं उलटायचा. पहिल्या खंडाचा खर्डा थुंगछुआन शहराजवळच्या छनज्याशान कोळसा खाणीत राहून लिहिला. सहा वर्षांच्या या कामात प्रकृती ढासळली ती ढासळलीच. नोव्हेंबर 1992मध्ये यकृताच्या आजाराने तो गेला, वय अवघं 42.