मदत हवी आहे: मुखपृष्ठ 'झालं' असं कधी धरता?

फ्रीलान्स मुखपृष्ठं करणाऱ्यांना विचारायचंय. दिवाळी अंकांची आणि पुस्तकांची कामं एकदम अंगावर येतात, तेव्हा एका कव्हरला किती तास द्यायचे हे कसं ठरवता?

पद्धत अशी आहे: 6 छोटी कच्ची स्केचेस, त्यातली 2 प्रकाशकाकडे, एक पक्कं झालं की रंग आणि अक्षरं, मग दुरुस्तीच्या 2 फेऱ्या. इथवर सुरळीत चालतं. घोडं अडतं ते शीर्षकावर. पहिल्या वेलांटीची कमान जोडाक्षराच्या दांड्यापर्यंत पोचत नाही, ती ओढली की रफाराला खेटते, मग शिरोरेषेत फट दिसायला लागते. 400 टक्के झूमवर यात अख्खा दिवस जातो. छापल्यावर हातभर अंतरावरून त्यातलं निम्मं दिसतही नाही. आणि खरी महागात पडणारी चूक तशीच राहते: 3 मिमी ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेला भाग) सोडलेलं नसतं, फाइल छपाईच्या रंगांऐवजी आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतच असते, किंवा पानं वाढूनही स्पाइनची (पुस्तकाच्या पाठीची) जाडी जुनीच असते.

खऱ्या आकाराची प्रिंट काढून, त्यात दिसेल तेवढंच दुरुस्त करायचं, असा नियम कुणी पाळतं का? तिसऱ्या फेरीचे पैसे कोटेशनमध्येच लिहिता का? शीर्षकाच्या अक्षरांना किती तास ठेवता? नेमके आकडे सांगा, प्लीज.