आवाज गिअरबॉक्सचाच कशावरून?

गाडीला ताशी ८० किमीच्या वेगाला घूंऽऽ आवाज येतोय, अशी एकाची तक्रार होती आणि त्याला थेट गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला मिळाला. जरा थांबा. ८० ला आधी चौथा गिअर टाकून बघा, मग पाचवा. सूर जराही हलला नाही, तर इंजिन आणि इनपुट शाफ्ट (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणारा दांडा) बहुतेक निर्दोष. उरले मुख्यतः डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच, थोडक्यात डिफ), प्रोपेलर शाफ्ट (मागच्या डिफपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा), व्हील बेअरिंग आणि टायर. मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगात हलके वळण घ्या. उजवीकडे वळताना आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर, कारण वजन तिकडे जातं. अ‍ॅक्सिलरेटर सोडताच सूर पालटला तर मात्र डिफरेन्शियलकडे बघा.

उभ्या गाडीत, न्यूट्रलला खरखर आणि क्लच दाबला की गप्प? इनपुट शाफ्टचं बेअरिंग. नेमकं उलट, म्हणजे क्लच दाबल्यावरच आवाज असेल, तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं).

मी स्वतः दोन महिने मागच्या डिफच्या नावानं बोटं मोडत होतो. शेवटी मागचे टायर पुढे टाकले, तर आवाजही पुढे आला! टायरच्या नक्षीवरून (ट्रेड) हात फिरवला तेव्हा झिजून झालेले करवतीसारखे दाते लागले, म्हणजे आवाज टायरचाच होता.

गिअरबॉक्सच्या तेलाचा ड्रेन प्लगही (तेल काढायचं बूच, त्याला चुंबक असतं) काढून बघा. चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असणं साधारण आहे. नखात टोचणारे तुकडे असणं मात्र साधारण नाही. सुबारूच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) मॅन्युअल गिअरच्या गाड्यांत पुढचा डिफ गिअरबॉक्सच्याच तेलात असतो, त्यामुळे तुकडे कोणाचे हे तेवढ्यावरून कळत नाही.

आणि हो, चाकं हवेत फिरवून आवाज ऐकायचा असेल तर अशा ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचा एकच अ‍ॅक्सल उचलून गिअर टाकू नका, गाडी जॅकवरून उडी मारेल. चारही चाकं हवेत, स्टँडवर.