मदत हवी आहे: एजंट चुकीचं टूल उचलतो, वर्णनात नेमकं काय लिहायचं?

ग्राहकसेवेच्या एजंटला (भाषा-मॉडेलवर चालणाऱ्या प्रोग्रामला) १४ टूल्स, म्हणजे त्याला चालवता येतील अशी फंक्शन्स, जोडली आहेत. (नावं इथे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत देतो आहे.) घोळ तीन:

– ऑर्डर क्रमांक समोर असतानाही ऑर्डर_तपशील सोडून ऑर्डर_शोधा चालवतो.
– तारखेत कधी ०५/०४/२०२५ येतं, कधी चक्क "मागचा आठवडा".
– ग्राहक आयडी नसेल तर मनानेच एक बनवून पाठवतो.

ऑर्डर_शोधाचं सध्याचं वर्णन: "ऑर्डर शोधण्यासाठी." सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या कायमच्या सूचनांमध्ये) "योग्य टूल वापर" असं लिहून काही फरक पडला नाही. मॉडेल बदलावं का?

प्रतिसाद १

आधी वर्णनं बदला. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची त्याचा आराखडा), एवढ्यावरच ते ठरवतं. "ऑर्डर शोधण्यासाठी" हे दोन्ही टूल्सना लागू पडतं, मग निवड अंदाजपंचेच होणार. ऑर्डर_शोधासाठी असं लिहून बघा:

"ऑर्डर क्रमांक माहीत नसताना, ग्राहक आयडी आणि दोन तारखांवरून ऑर्डर्सची यादी देते. क्रमांक माहीत असेल तर हे वापरू नये, ऑर्डर_तपशील वापरावे. एका वेळी जास्तीत जास्त २० नोंदी, नवीन आधी. नोंदीत क्रमांक, तारीख आणि स्थिती असते. वस्तू आणि पत्ता नसतो. काही न सापडल्यास रिकामी यादी येते, ती एरर नव्हे."

यातलं दुसरं वाक्य सगळ्यात मोलाचं. तेच कुंपण उलट बाजूने ऑर्डर_तपशीलच्या वर्णनातही घाला. शेवटचं वाक्य नसेल तर रिकामी यादी पाहून एजंट तोच कॉल (टूल चालवण्याची विनंती) पुन्हा पुन्हा करत बसतो.

बनावट आयडीचं मूळ बहुधा स्कीमात आहे. फील्ड सक्तीचं असेल आणि माहिती मिळालेली नसेल, तर मॉडेल काहीतरी भरून मोकळं होतं. ज्याच्याशिवाय टूल चालू शकतं ते फील्ड ऐच्छिक करा. जे लागतंच, ते कुठून आणायचं ते सांगा: "ग्राहक_शोधा मधून मिळालेला आयडी, उदा. सी-००४८२१. नाव किंवा ईमेल चालत नाही. आयडी नसेल तर आधी ग्राहक_शोधा चालवावे." पॅरामीटरचं नाव नुसतं "ग्राहक" असेल तर तेही "ग्राहक_आयडी" करा.

०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे? वर्ष-महिना-दिवस हा साचा उदाहरणासकट द्या (२०२५-०४-०५), "पासून" आणि "पर्यंत" ही वेगळी फील्ड्स ठेवा, शेवटचा दिवस धरला जातो की नाही तेही लिहा. "मागचा आठवडा" मात्र वर्णनाने सुटणार नाही. आजची तारीख सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये द्यावी लागेल. स्थितीसाठी मोकळा मजकूर न घेता ठरावीक पर्यायांची यादी द्या.

प्रश्नकर्ता

पटलं. पण एवढी लांब वर्णनं दर कॉलला टोकन (मॉडेल मजकूर ज्यांत मोजतं ते तुकडे) खाणार ना? की दोन्ही टूल्स एकत्रच करून टाकू?

प्रतिसाद २

खाणारच, टूल्सच्या व्याख्या (नाव, वर्णन, स्कीमा) प्रत्येक विनंतीबरोबर जातात. सरासरी १५० टोकन धरले तर १४ टूल्सचे २,१०० होतात. एक चुकीचा कॉल, त्याचं लांबलचक उत्तर आणि मग दुरुस्ती, हे सहसा याहून महाग पडतं. कात्री लावायची असेल तर टूल आतून कसं चालतं, कोणता डेटाबेस आहे, असल्या मजकुराला लावा.

एकत्र करायला माझा विरोध आहे. एकदा यादी, एकदा पूर्ण तपशील, असं दोन आकारांचं उत्तर देणारं टूल समजावताना वर्णन आणखी फुगतं. पण जी दोन टूल्स कायम एकापाठोपाठ चालतात ती जरूर जोडा.

एरर मेसेजही वर्णनाइतकेच काळजीपूर्वक लिहा. "४०० बॅड रिक्वेस्ट" वाचून मॉडेलला काहीच उमगत नाही. "पासून_तारीख वर्ष-महिना-दिवस अशी हवी, मिळाली ०५/०४/२०२५" यावरून ते बहुतेक वेळा पुढच्याच कॉलला सुधारतं.

आणि पैसे परत करणारं टूल असेल तर "परवानगीशिवाय वापरू नये" या वाक्यावर विसंबू नका. ती तपासणी सर्व्हरवरच हवी.

प्रतिसाद १

चाचणीचं राहिलं. साधारण ३० प्रश्न घ्या, त्यांत कोणतंच टूल लागू नये असे पाच-सहा असू द्या. प्रत्येकापुढे अपेक्षित टूल आणि पॅरामीटर लिहा, प्रत्येक प्रश्न निदान तीनदा चालवा. एका वेळी एकच वर्णन बदला, पण चाचणी मात्र सगळ्या ३० प्रश्नांची घ्या: ऑर्डर_शोधा सुधारताना परतावा_शोधाचे कॉल तिकडे वळलेले सापडू शकतात.