मदत हवी आहे: सीझनच्या शेवटी नायक हरतात आणि ती हार टिकते, अशी मालिका?

(पुढे जुन्या मालिकांचे शेवट उघड केले आहेत.)

ज्यात सीझनच्या शेवटच्या भागात नायक स्वतःच्याच निर्णयामुळे हरतात आणि पुढच्या सीझनला ते निस्तरावं लागतं, अशी विज्ञानकथा मालिका शोधतोय.

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चा तिसरा सीझन पाहिला. कॅप्टन पिकार्ड बोर्ग या अर्धयंत्र शत्रूंच्या ताब्यात आणि त्याचा सहकारी अधिकारी रायकर त्याच्यावरच मारा करायचा हुकूम देतो, तिथे सीझन संपतो. जबरदस्त! पण चौथ्या सीझनच्या पहिल्याच भागात पिकार्ड परत येतो. 'ब्लेक्स सेव्हन'चा १९८१चा शेवट अजून डोक्यातून जात नाही. बंडखोर एव्हॉन गैरसमजातून आपला जुना नेता ब्लेकलाच गोळी घालतो, मग एकेक साथीदार कोसळतो. मात्र मालिकाच तिथे संपली, त्यामुळे परिणाम बघायला मिळत नाहीत.

मनासारखं सापडलं ते 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या दुसऱ्या सीझनमध्ये. न्यू कॅप्रिका ग्रहावर वस्ती करायचा निर्णय अंगाशी येतो, सायलॉन हे यंत्रमानव शत्रू उतरतात आणि ताफ्याचा प्रमुख ॲडामाला लोकांना मागे टाकून निघावं लागतं. तिसऱ्या सीझनमध्ये सुटका होते खरी, पण ॲडामाचा सहकारी कर्नल टाय याचा गेलेला डोळा परत येत नाही, आणि बायकोला स्वतःच्या हाताने विष दिल्याचं ओझंही उतरत नाही. मला हेच हवंय.

ॲनिमेशन चालेल, कुठल्याही भाषेतली चालेल, सबटायटल्स असली की झालं. अर्धवट बंद पडलेली मालिका मात्र नको. कृपया फक्त नाव आणि सीझन सांगा, शेवट फोडू नका.

असा सीझन आणखी कुठल्या मालिकेत आहे?