लॉक-इन संपायच्या आत घर सोडलं, तर उरलेलं सगळं भाडं भरायचं?

उंबरठा
बारा महिन्यांचा करार, त्यातले पहिले सहा लॉक-इन, म्हणजे त्याआधी घर सोडायचं नाही. तिसऱ्या महिन्यात बदलीचं पत्र आलं. महिनाभराची लेखी नोटीस दिली, चौथा महिना भरला, घर झाडून-पुसून किल्ली दिली. मालक म्हणाले, उरलेले दोन महिने डिपॉझिटमधून कापतो. बरं म्हटलं. पण तीन आठवडेही झाले नाहीत तोच तिथे दुसरं कुटुंब राहायला आलं. मी लावलेल्या दांड्यांवर त्यांचे पडदे लटकताहेत, शेजाऱ्यांनी फोटो पाठवला. एकाच घराचं एकाच महिन्याचं भाडं दोघांकडून कसं घेता येईल? घर रिकामं होतं तेवढ्या दिवसांचे पैसे मी देईन. त्यापुढे एक दिवसाचेही नाही.

दोन खोल्या
सही करण्याआधी वाचलं होतं ना? मी स्वतः एक घर भाड्याने देते. सहा महिने माणूस हलणार नाही या भरवशावर मी भाडं ठरवते, इतरांना नाही म्हणते. बदली तुमची, मग तिची झळ मी का सोसू? नवा भाडेकरू मी शोधला, दहा जणांना घर मी दाखवलं. आणि त्या धावपळीचा फायदा तुमच्या खिशात?

अर्धा वकील
(परीक्षा दिली, सनद घेतली नाही.) ताई, करारात आकडा लिहिलाय म्हणून तो जसाच्या तसा मिळतो असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७४: करारात ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा, तिच्या आत जी वाजवी असेल तेवढीच भरपाई. कलम ७३ खालचं स्पष्टीकरण सांगतं की नुकसान मोजताना ते टाळायला काय साधनं हाताशी होती तेही बघायचं. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तर नवा भाडेकरू शोधायचा वाजवी प्रयत्न करणं मालकावर बंधनकारकच आहे.

दोन खोल्या
सगळीकडे नाही. इंग्लंडचं काय?

अर्धा वकील
बरोबर पकडलंत. तिथल्या अपील न्यायालयाने २००६ मध्ये, एका कार्यालयाच्या भाडेपट्ट्याच्या खटल्यात, मालकावर असं बंधन नाही असंच ठरवलं. घर रिकामं ठेवून तो भाडं मागत राहू शकतो. पण गंमत पुढेच आहे. तिथेही मालकाने स्वतःसाठी दुसरा भाडेकरू ठेवला की जुन्याचा ताबा परत घेतला असं धरलं जातं आणि जुन्याचं पुढचं भाडं थांबतं. म्हणजे मालकाला इतकं झुकतं माप देणाऱ्या कायद्यातही पडदे बदलल्यानंतरचं भाडं मागणं अवघडच.

दोन खोल्या
ठीक, दुहेरी भाडं सोडते. पण मग तीन आठवड्यांवर भागवू नका. दुसऱ्यांदा द्यावी लागलेली दलाली धरा. नवा कमी भाड्यावर आला असेल, तर सहाव्या महिन्यापर्यंतचा फरकही धरा.

उंबरठा
फरक मान्य. दलालीची पावती दाखवली तर तीही देईन.

तिसरा मजला
मीही भाडेकरूच, पण आपल्या लोकांचंही चुकतं. जर्मनीत तीन पर्यायी भाडेकरू आणून दिले की करारातून सुटका, अशी पक्की समजूत आहे. तिथल्या कायद्यात तसं काही नाही. मुदत न घातलेल्या करारात भाडेकरूने साधारण तीन महिन्यांची नोटीस द्यायची, हा तिथला खरा नियम. आपल्याकडेही 'डिपॉझिटमधून वळते करा' म्हणून शेवटचं भाडं थकवणारे कमी नाहीत. मालकाने आधी लेखी हो म्हटलं नसेल, तर ती सरळ थकबाकी.
उंबरठा, एक विचारतो. किल्ली कुणाच्या हातात दिलीत? पावती आहे? ताबा कधी सुटला हे ठरल्याशिवाय तुमचे तीन आठवडे मोजायचे कुठून?

उंबरठा
पावती नाही. 'किल्ली मिळाली' असा त्यांचा मेसेज आहे, आणि त्याच दिवसाचा विजेच्या मीटरचा फोटो.

तिसरा मजला
मग फोन बदलण्याआधी त्या दोन्हींची प्रत काढा. आणि दांड्या करारातल्या सामानाच्या यादीत नसतील, तर त्याही मागा.